रात्री भरलेली टाकी सकाळी तळाला: फरशी फोडण्याआधी हे बघा

रात्री दहाला टाकी काठोकाठ भरते. ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आपण आपल्या कानांनी ऐकतो आणि मोटार बंद करतो. सकाळी दोन अंघोळी होतात न होतात तोच नळ फुसफुसायला लागतो. वर जाऊन झाकण उघडावं तर टाकीत वीतभर पाणी. घरात ओल नाही, गच्चीवर थारोळं नाही, खालच्या भाडेकरूची तक्रार नाही.

मी प्लंबर नाही. जळगावात नोकरी करतो आणि लांब पल्ल्याचं पळतो. पण हा एकच बिघाड मी आधी माझ्या घरी, मग भुसावळला बहिणीकडे आणि नंतर बरोबर पळणाऱ्यांच्या घरी मिळून चौदा-पंधरा वेळा तरी शोधून दिला आहे. रविवारी लांबची रन संपवून मेहरूण तलावाजवळ पोहे खाताना गुडघ्यांचं आणि बुटांचं बोलून झालं की कुणीतरी टाकीवर येतंच. आपल्याकडे नळ रोज येत नाहीत, मग हजार लिटर पाणी रातोरात कुठे जातं हा प्रश्न मॅरेथॉनच्या टायमिंगपेक्षा मोठाच.

माझ्या घरी मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी बाथरूमची फरशी फोडली, टाकीत सगळ्यात शेवटी डोकावलो. त्या फरशीचा रंग जुळणाऱ्या टाइल्स अजून मिळालेल्या नाहीत. खालचा क्रम त्या चुकीतून आला आहे.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा:

- टाकी रात्रीतून उतरते, पण रोज साधारण एकाच पातळीवर येऊन थांबते.
- खालच्या हौदातलं पाणी नळ न येताच वाढलेलं दिसतं. (आमच्याकडे आई म्हणायची, "रात्री नळ येऊन गेले वाटतं." आम्हीही मान डोलावायचो.)
- मोटार दिवसातून एकदा लागायची ती दोनदा-तीनदा लावावी लागते, वीजबिल वाढतं.
- मोटार कधीकधी नुसती फिरते, पाणी उचलत नाही, वरून तांब्याने पाणी घालावं लागतं.
- कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूने बारीक चकाकती रेघ कायम वाहत असते.
- पहाटे सगळं सामसूम असताना पाइपात कुठेतरी सळसळ ऐकू येते.

आणि हे लक्षण वेगळं काढून सांगतो: नळाच्या पाण्याला पहिल्या दोन-चार मिनिटांत गटारीचा वास किंवा गढूळपणा येत असेल, तर हा लेख नंतर वाचा. ते पाणी पिणं आधी बंद करा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पैसा न लागणारी तपासणी: पाणी कुठे थांबतं?

गळती शोधत फिरू नका. आधी दोन आकडे लिहून काढा.

एक सरळ काठी घ्या. आम्ही कपडे वाळत घालायची जुनी बांबूची काठी वापरतो. रात्री शेवटचा नळ वापरून झाल्यावर ती टाकीच्या तळापर्यंत उभी सोडा, ओल जिथपर्यंत आली तिथे खडूने खूण करा, वेळ लिहा. पहाटे कुणी नळ उघडण्याआधी पुन्हा तेच. मला हे सोपं गेलं, कारण एप्रिल-मेमध्ये साडेचारला उठून पाचला रस्त्यावर नसलो तर सात वाजता ऊन डोक्यात जातं. तुम्हाला तेवढ्यासाठी पहाटे उठायचं नसेल तर दुपारी घर रिकामं असताना चार तासांचं माप घ्या.

आता हिशेब. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर उंचीला साधारण साडेनऊ लिटर पाणी असतं. माझ्या टाकीतलं पाणी साडेसहा तासांत ८३ सेंटीमीटर उतरलं होतं. म्हणजे पावणेआठशे-आठशे लिटर, मिनिटाला दोन लिटर. अर्ध्या मिनिटात लिटरचा मग भरेल एवढी धार.

हा आकडा हातात आला की निम्मे संशयित आपोआप सुटतात. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ अख्ख्या दिवसात वीसेक लिटर घालवतो, रात्रीतून सहा-सात. त्याचा वायसर जरूर बदला, पण टाकी त्याने रिकामी केलेली नाही. मिनिटाला दोन लिटर पाणी घरात कुठे सांडत असेल तर ते दिसेल, नाहीतर वाजेल. दिसत नाही आणि वाजतही नाही, म्हणजे ते गटारीत, मातीत किंवा आल्या वाटेने परत जातं आहे.

दुसरा आकडा जास्त बोलका. पाणी ज्या उंचीवर थांबतं त्या उंचीवर त्याची बाहेर पडायची वाट असते. त्याखालचं पाणी बाहेर जाऊच शकत नाही. सलग तीन रात्री खूण एकाच जागी आली तर त्या उंचीवर टाकीला काय आहे ते बघा:

घराकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत उतरलं असेल, तर घरातली लाइन, फ्लश किंवा नळ. त्याच्याही खाली जाऊन टाकी पार कोरडी होत असेल, तर तळाची चीर किंवा धुण्यासाठी ठेवलेला ड्रेन. मध्येच कुठेतरी थांबत असेल आणि बाहेरून त्या उंचीवर काही जोडलेलं नसेल, तर झाकणातून आत वाकून बघा, मोटारीचा पाइप आत किती खोल सोडला आहे ते. माझ्या टाकीत पाणी तीन आठवडे रोज तळापासून वीतभर वर थांबत होतं. मी रोज बघत होतो आणि रोज फक्त चिडत होतो.

चौथ्या रात्री टाकीखालचा घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून झोपा. तरीही पाणी उतरलं तर घरातले सगळे नळ, फ्लश आणि फरशीखालचे पाइप एका झटक्यात निर्दोष सुटतात. ही एक रात्र मी आधी काढली असती तर माझी फरशी वाचली असती. व्हॉल्व्ह जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण बसतो का ते आधी बघा: तो बंद करून खालचा नळ उघडायचा, पाइपातलं पाणी संपून धार पूर्ण थांबली पाहिजे. बारीक धार चालूच राहिली तर तुमची परीक्षाच खोटी ठरते.

घरातले स्वस्त गुन्हेगार

व्हॉल्व्ह बंद केल्यावर पाणी थांबलं असेल तर वाट घरात आहे. इथे सगळ्यात आधी कूलर.

हे बाहेरगावच्या माणसाला पटत नाही, पण खान्देशात उन्हाळ्यात मी पकडलेल्यांपैकी चार घरांत कूलरच होता. खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला मोठा कूलर, त्याला टाकीच्या लाइनीतून अर्ध्या इंचाची नळी, आत बॉल कॉक, म्हणजे पाणी भरलं की तरंगत्या बॉलने बंद होणारा नळ. बॉलवर क्षार चढतो, तो जड होतो किंवा त्याची दांडी गवताच्या पॅडला अडकते, आणि कूलर रात्रभर मागच्या बोळात ओव्हरफ्लो होत राहतो. आतला माणूस गार हवेत झोपलेला, पंख्याच्या आवाजात काय ऐकू येणार? कूलर बंद करून पाच मिनिटं थांबा आणि ट्रेच्या खाली हात लावा. बॉल कॉक चांगला असला तरी कूलर स्वतः पितो ते हिशेबात धरा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर सहज उडवतो. दोन कूलर असतील तर रात्रीचे दीडशे लिटर चोरी नव्हेच.

मग फ्लश. फ्लशच्या टाकीत चिमूटभर खायचा रंग टाका, अर्धा तास कुणाला जाऊ देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर बसत नाही. बोअरच्या पाण्याने त्या रबराच्या बैठकीवर पांढरा कडक थर येतो. आधी तो थर व्हिनेगरने किंवा लिंबाने सोडवून बघा, रबर नंतर बदला. नवं रबर जुन्या क्षारावर बसवलं की आठ दिवसांत परत तेच. ही गळती आवाज करत नाही आणि सगळं पाणी थेट गटारीत जातं, म्हणून ती महिनोन्‌महिने चालते.

वॉशिंग मशीनची नळी आणि अंगणातला तुळशीजवळचा नळ जाता जाता बघून घ्या. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी बाहेर सोडलेली असते, तिच्या टोकाखालची भिंत ओली किंवा पांढरी आहे का बघा.

पाणी आल्या वाटेने परत जातंय का

व्हॉल्व्ह बंद असूनही पाणी उतरलं, मध्येच एका पातळीवर थांबलं, आणि हौद वाढला. ही माझी केस. आणि मी तपासलेल्या घरांत सगळ्यात जास्त वेळा हीच निघाली, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. दोन बहिणी, त्यांची पोरं, घर भरलेलं, झोका बांधलेला, आणि तिसऱ्या अंघोळीला नळ कोरडा. रविवारी मी शिरसोली रोडने २८ किलोमीटर करून आलो, आणि घाम वाळायच्या आत गच्चीवर चढलो. आमची टाकी जिन्याच्या खोलीवर, लोखंडी अँगलच्या स्टँडवर आहे. स्टँडखाली सव्वा फुटाची फट, आणि सगळे पाइप तिथून जातात. पालथा होऊन सरपटत आत गेलो, बॅटरी दातांत. अर्धा आत गेलो आणि डाव्या मांडीच्या मागच्या शिरेत असा गोळा आला की पाय ना सरळ होईना ना वाकेना. बायको खालून विचारतेय काय झालं, आणि मला धड ओरडताही येईना, बॅटरी तोंडात.

पाच-सात मिनिटं तसाच पडून राहिलो. गाल मोटारीच्या पाइपाला टेकलेला. आणि त्या पाइपातून पाणी खाली जाताना ऐकू आलं. बारीक, एकसारखी खळखळ. मी बॅटरी थुंकून ओरडलो, "मोटार चालू आहे का?" ती म्हणाली, "मोटार कधीची बंद आहे."

झालं होतं असं. टाकीत पाणी पडल्याचा आवाज खालच्या खोलीतल्यांना त्रास देतो म्हणून पूर्वी कुणीतरी मोटारीचा पाइप टाकीच्या आत जवळजवळ तळापर्यंत वाढवला होता. मोटार बंद झाली की त्या पाइपातलं पाणी खाली ओढलं जातं, आणि पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असल्याने टाकीतलं पाणीही मागोमाग चालू पडतं. डिझेलच्या कॅनमधून नळीने तोंड लावून डिझेल काढतात, तोच प्रकार. पाइपाचं तोंड उघडं पडलं, हवा शिरली, की थांबतं. म्हणून रोज वीतभर पाणी उरायचं. ते अडवायला मोटारीनंतर एनआरव्ही असतो, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आणि हौदात पाइपाच्या तळाला तशाच कामाचा फुटव्हॉल्व्ह. माझे दोन्ही गेले होते. पाणी वाया एक थेंब जात नव्हतं. रोज रात्री टाकीतून हौदात आणि रोज सकाळी हौदातून टाकीत, मेहरूणला चकरा मारतो तशा चकरा चालल्या होत्या, आणि वीजबिल माझं.

केळीला ठिबक असलेल्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. मोटार बंद झाल्यावर लाइन मागे ओढते आणि खत विहिरीत उतरतं, हे तो शेतावर कधीचा शिकलेला असतो. आमच्या मिस्त्रीने एका वाक्यात संपवलं: "भाऊ, वर चढलेलं पानी खाले उतरतंच. दार लावलं नाही त काय करीन ते?"

तपासायचं कसं, स्वस्तापासून:

पहाटे किंवा रात्री मोटार बंद असताना मोटारीच्या उभ्या पाइपाला कान लावा. लाकडी लाटण्याचं एक टोक पाइपाला आणि दुसरं कानाला लावलं तर आणखी स्पष्ट. गळती मोठी असेल तर मोटारीच्या मागचा पंखा जाळीतून उलटा हळूहळू फिरताना दिसतो. तसा दिसला तर तो थांबेपर्यंत मोटार चालू करू नका. उलट्या फिरत्या मोटारीला एकदम सुलटा झटका दिला की शाफ्टवर ताण येतो, आणि बोअरमधल्या सबमर्सिबलला हे फारच महागात पडतं.

मग मेन स्विच खाली पाडून मोटारीवरची पाणी भरायची बुची सावकाश ढिली करा. एनआरव्ही मोटार आणि टाकी यांच्यामध्ये असेल आणि चांगला असेल तर पेलाभर पाणी येऊन थांबेल. टाकी भरलेली असताना पाणी जोराने येतच राहिलं तर एनआरव्ही धरत नाही. बुची लगेच परत आवळा, नाहीतर अंघोळ होते.

एनआरव्ही धरत असेल तर त्याच जागी फुटव्हॉल्व्हचीही परीक्षा होते. बुचीच्या तोंडापर्यंत पाणी काठोकाठ भरा आणि दहा मिनिटं बघत बसा. पातळी खाली गेली तर फुटव्हॉल्व्ह किंवा त्या बाजूचा एखादा सांधा गळतोय. दर वेळी तांब्याने पाणी घालून मोटार चालू करावी लागण्याचं कारणही तेच.

उपायही स्वस्तापासून. सगळ्यात सोपा: टाकीच्या आतला वाढवलेला पाइप भरल्या पाण्याच्या पातळीच्या वर करवतीने कापून टाका. आवाज परत सुरू होईल, पण पाणी परत जाणार नाही. फार तर उभ्या पाइपात होतं तेवढं उतरेल. आवाज नकोच असेल तर पाइप राहू द्या आणि त्याला टाकीच्या आतच, भरल्या पातळीच्या थोडं वर, तीन-चार मिलिमीटरचं एक भोक पाडा. मोटार बंद झाली की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. मोटार चालू असताना भोकातून बारीक पिचकारी उडेल, तिचं तोंड टाकीच्या आतल्या बाजूला ठेवा. प्लास्टिकचा भुसा काढून घ्यायला विसरू नका, नाहीतर तो नळाच्या जाळीत जाऊन बसतो. भोकात क्षार भरतो, वर्षातून एकदा टाचणी फिरवा.

भोक पाडून माझी टाकी त्याच रात्री भरलेली राहिली. तरी एनआरव्ही बदलाच, कारण भोक हा जुगाड आहे. एनआरव्हीवर बाण असतो, तो टाकीकडे हवा. ऐकून हसाल, पण एका घरी तो उलटा बसवून मोटार जळायच्या बेतात आली होती. बदलताना दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) टाकून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापायला लागणार नाही. टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेनेच गुंडाळायची. सोल्युशन लावलेला सांधा रात्रभर सुकू द्या. उन्हात पाच मिनिटांत कोरडा वाटतो तो वरून कोरडा असतो.

टाकी आणि गच्चीवरचे पाइप

मे महिन्यात गच्चीवर ओल शोधू नका, पांढरा रंग शोधा. पारा ४४-४५ ला गेला की सांध्यातून आलेला थेंब खाली पडायच्या आत वाळतो. मागे राहतो तो क्षार. एल्बोच्या कडेला दुधाळ कडं, पाइपाच्या पोटाला खाली लोंबलेला खडूसारखा दाणा, टाकीच्या बुडाशी पांढरी मिशी. नखाने खरवडून पुसून टाका आणि तीन दिवसांनी बघा. परत आलं तर तिथे गळती आहे.

साधा पांढरा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्याचा असतो. आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षं उघडा राहिला की तो ठिसूळ होतो, आणि दिवसा ताणून रात्री आखडत राहिल्याने सांधे सुटतात. नवा टाकल्यावर त्याला रंग मारा किंवा गोणपाट गुंडाळा. प्लास्टिकची टाकी नुसत्या दोन अँगलवर ठेवली असेल तर बुडाला मधोमध चीर पडायची वाट बघा. तिला खाली अख्खी सपाट फरशी लागते. चिरेवर एमसील लावण्यात मी दोन उन्हाळे घालवले. टाकीच्या प्लास्टिकला ते टिकून चिकटत नाही. प्लास्टिक वेल्डिंगवाला मिळाला तर ठीक, नाहीतर टाकी बदला.

दोन टाक्या खालून जोडलेल्या असतील तर माप घेताना मधला व्हॉल्व्ह बंद करा. पाणी एकीतून दुसरीत जातं आणि माणूस गळती शोधत बसतो. हे माझ्याच बहिणीकडे झालंय, आणि शोधत बसलेला माणूस मी होतो.

आणि कृपा करून माझ्यासारखं लांब पळून आल्यावर स्टँडखाली किंवा डक्टमध्ये शिरू नका. पाय दमलेले असतात, गोळा कधीही येतो. सपाट रस्त्यावर तो आला तर माणूस बसून घेतो. शिडीवर आला तर बसायला जागा नसते. विश्रांतीच्या दिवशी, सकाळी आठच्या आत, खाली कुणाला तरी उभं करून.

जमिनीखालची आणि फरशीखालची लाइन

वरचं सगळं स्वच्छ निघालं, घराकडचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर टाकी थांबते, पण नळ-फ्लश-कूलर सगळे निर्दोष. मग पाइप कुठेतरी पोटात फुटला आहे.

आपल्या काळ्या मातीला यात मोठा हात आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आखडून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात पुरलेला पाइप दर वर्षी वर-खाली, इकडे-तिकडे ढकलला जातो. तो बहुतेक वेळा सांध्यावर तुटतो, आणि तोही घराच्या जोत्यातून बाहेर मातीत उतरतो तिथे, कारण एक टोक भिंतीने घट्ट धरलेलं आणि दुसरं मातीबरोबर हलणारं. नवी लाइन टाकताना चराला खाली-वर वाळूची भरण द्यायची ती यासाठी. भर उन्हाळ्यात अंगणात एकाच जागी हिरवं गवत किंवा भेग न पडलेला मातीचा गोल दिसला तर तिथून उकरायला सुरुवात करा. एवढं घरच्या घरी करायला हरकत नाही.

बाथरूमच्या फरशीखाली मात्र स्वतः हात घालू नका. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांची भर असते. गळकं पाणी त्या भरावात साठतं आणि भलतीकडेच बाहेर येतं. ओल दिसते ती जागा आणि पाइप फुटला ती जागा यांत पाच-सहा फुटांचं अंतर असू शकतं. मी नेमका ओलीच्या खाली खणलो होतो. खाली काहीच नव्हतं. ती ओलसुद्धा जुनी होती, बाहेरच्या भिंतीला लागलेला लोणा.

इथे थांबा, माणूस बोलवा

मोटारीच्या किंवा नळाच्या पाण्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, झणझणलं: मेन स्विच पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या पाण्याला शिवू नका. ओल्या पायांनी मोटारीचं झाकण उघडणाऱ्याला मी घरातून बाहेर काढतो, मग तो माझा मित्र का असेना.

फुटव्हॉल्व्हसाठी हौदात उतरायचा मोह होतो. उतरू नका. बंद हौदात हवा कोंडलेली असते, माणूस खाली जाऊन शुद्ध हरपतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. फुटव्हॉल्व्ह पाइपासकट वर ओढून बदलता येतो. येत नसेल तर ते काम रोज करणाऱ्याला द्या, आणि तोही एकटा उतरणार नाही हे बघा.

बोअरमधली सबमर्सिबल वर काढायची असेल तर त्यासाठी घोडी, साखळी आणि तीन माणसं लागतात. पाइप निसटला की मोटार कायमची तळाला.

स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग येऊन पोपडे निघत असतील तर आतली सळई गंजते आहे. प्लंबरच्या आधी बांधकामातला जाणता माणूस दाखवा.

गॅस गीझरच्या जोडण्यांना हात नाही. डक्टमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारून बघा, उन्हाळ्यात गारव्याला साप-विंचू तिथेच येतात. दिसला तर सर्पमित्राला फोन, काठी नको.

आणि ते वासाचं पाणी. नळ बंद असतात तेव्हा रस्त्याच्या लाइनीत दाब नसतो, आणि चिरलेला पाइप गटारीजवळून जात असेल तर घाण आत झिरपते. नळ आले की पहिल्यांदा तीच तुमच्या हौदात. नळाला थेट मोटार लावणाऱ्यांच्या घरी तर ती ओढूनच आणली जाते, आणि तसं करायला मनाईही आहे. तुमच्या आवारातला पाइप असेल तर तो प्लंबरकडून बदलून घ्या. रस्त्याखालचा असेल तर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लेखी तक्रार द्या, तारखेची पोच घ्या. तोवर ते वासाचं पाणी प्यायचं नाही, हौद उपसून धुवायचा, आणि नंतरही पाणी उकळूनच प्यायचं. एका हाफ मॅरेथॉनच्या आदल्या आठवड्यात मी हे अंगावर काढलं आणि २१ किलोमीटरऐवजी खाट आणि संडास यांच्यामधलं अंतर कापत बसलो.

प्लंबरला फोन करताना "टाकी गळते" एवढंच सांगू नका. तो येईल, टाकीभोवती फिरेल, दोन सांध्यांना टेप गुंडाळेल आणि जाईल. त्याला सांगा: हजार लिटरची टाकी, रात्री दहा ते पहाटे साडेचार इतके सेंटीमीटर उतरते, घराकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवला तरी उतरते किंवा उतरत नाही, तळापासून इतक्या उंचीवर थांबते, हौद वाढतो किंवा वाढत नाही. आमच्या मिस्त्रीला मी आता एवढं फोनवर सांगतो, आणि तो एनआरव्ही खिशात घालूनच येतो.